गिऱ्हाइकाच्या बाजूने

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

फोनवर आपण दोघं तिसऱ्या मिनिटाला भांडतो आणि चौथ्या मिनिटाला वहिनी फोन ओढून घेते. म्हणून तिने घातलेला नियम मी पाळतेय: महत्त्वाचं काही असलं की कागदावर लिहायचं, पाकीट पोचेपर्यंत राग निवतो. तर हे महत्त्वाचं आहे.

मी फोटो विकते.

हसून झालं की पुढे वाच. आमच्या इमारतीच्या जिन्यात कुणीतरी ओला पोछा बादलीच्या काठावर वाळत टाकला होता. त्याचा मी मोबाइलवर फोटो काढला. इंटरनेटवर एक जागा आहे, तिथे कुणीही आपले फोटो ठेवू शकतं. जगात कुणाला जाहिरातीला, पुस्तकाला, नोटिशीला फोटो लागला की तो तिथे शब्द टाकून शोधतो, पैसे भरतो आणि उचलतो. त्यातला चिमूटभर वाटा आपला. गंमत अशी की एकच फोटो कितीही वेळा विकला जातो. माझा पोछा अकरा वेळा गेला. एका वेळचा वाटा म्हणजे अर्धा कप चहा. म्हणजे पोछ्याने मला साडेपाच कप चहा पाजला. ज्यांच्या दवाखान्यात मी बारा वर्षं टेबलामागे बसून लोकांना दातदुखीच्या वेळा देतेय, त्या डॉक्टरांनी एवढा पाजलेला नाही.

आता विचारायचं ते विचारते. दवाखान्यातले दिवे पिवळे आहेत. रिकाम्या खुर्च्यांचा फोटो काढला तर खुर्च्यांना कावीळ झाल्यासारखं दिसतं. काय करू? एकतीस वर्षं स्टुडिओ चालवणारा भाऊ असताना दुसऱ्या कुणाला विचारू?

तुझी,
चिंगी


१२ फेब्रुवारी

चि. चिंगीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोछ्याच्या यशाबद्दल पोछ्याचं अभिनंदन.

खुर्च्यांचं म्हणशील तर दिवे बंद कर आणि खुर्च्या खिडकीकडे ओढ. हे कळायला एकतीस वर्षं लागत नाहीत, डोळे लागतात.

राग नाही हं. मला आनंदच आहे. माणसाला छंद असावा. कुणी भरतकाम करतं, कुणी पोछे टिपतं. पण फोटो काढणं वेगळं आणि फोटो निघणं वेगळं, एवढं लक्षात ठेव. मोबाइलवर फोटो निघतो. मी काढतो. लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलाच्या नाकावर आलेली पुळी मी बारीक ब्रशने एकेक ठिपका भरून घालवली आहे. त्या जोडप्याची मुलं आज माझ्याकडे पासपोर्ट फोटोला येतात, आणि नाकं तीच. स्टुडिओच्या खुंटीवर तो काळा कोट आहे ना, मागून चिमटे लावले की कुणालाही बसतो, त्या एका कोटात मी निम्म्या गावाला साहेब करून पाठवलंय. हल्ली जरा गर्दी कमी आहे, पण ते दिवसच तसे आहेत.

ती इंटरनेटवरची जागा कोणती, तिचं नाव काय, असं शेजारचा शिंपी विचारत होता. त्याच्यासाठी कळव.

दादा

ता. क. मी वहिनी. पत्र टाकायला मी जाते, म्हणून पाकीट चिकटवणंही माझ्याकडेच. शिंप्याने काहीही विचारलेलं नाही. शिंप्याकडे बटणांचा फोन आहे. जागेचं नाव कळव.


२ मार्च

प्रिय दादा,

खुर्च्या खिडकीकडे ओढल्या. कावीळ गेली. पाच रिकाम्या खुर्च्या चौतीस वेळा विकल्या गेल्या. लोकांना रिकाम्या खुर्च्या एवढ्या कशाला लागतात कोण जाणे, पण लागतात. जागेचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत घातलंय. शिंप्याला माझा नमस्कार सांग.

खरी बातमी पुढे आहे. मी एक हातांचा फोटो ठेवला होता. नुसते दोन हात, काहीतरी दुरुस्त करतायत, मागचं सगळं धूसर. तो फोटो एकशे सत्तर वेळा गेला, दादा! एका बँकेने घेतला, एका विमा कंपनीने, सांधेदुखीच्या मलमवाल्यांनी तर दोनदा. ‘काम’ म्हणून शोधलं की पहिल्या पानावर तोच येतो. तू बघच. बघितलास की तुला काय वाटलं ते लिही, मी वाट बघतेय.

दुसरं असं की डॉक्टरांची भाची शिकून आली आहे आणि तिला टेबलामागची खुर्ची हवी आहे. डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत, नुसते माझ्या तब्येतीची चौकशी करतात. मी विचार करतेय की १ मेपासून आपणच अर्धा दिवस मागून घ्यावा आणि उरलेल्या वेळात फोटोंचं काम नीट करावं. हात असेच चालले तर जमेल. नाही चालले तर मात्र घरभाड्याचीच पंचाईत.

शेहेचाळिसाव्या वर्षी उडी मारू का, दादा?

तुझी,
चिंगी


२० मार्च

चि. चिंगीस आशीर्वाद.

उडीबद्दल मी काय बोलू? तू मोठी झालीस, तुझे हात पोचले.

फोटो पाहिला. तू मत मागितलंस म्हणून देतो, नाहीतर मी कुणाच्या वाटेला जात नाही. प्रकाश एका बाजूने जास्त. चौकट डावीकडे कलली आहे. आणि हात कुणाचे निवडलेस गं? नखांत काळं, चामडी सुकलेल्या लिंबासारखी, डावा अंगठा तर असा वाकडा की पाहवत नाही. कुणा म्हाताऱ्या फिटरला धरून बसवलंस वाटतं. मॉडेल निवडणं ही अर्धी कला असते. माझ्याकडे असे हात आले असते तर मी आधी साबण दिला असता.

तरी एकशे सत्तर लोकांनी घेतला, म्हणजे जगात चव राहिलेली नाही एवढंच.

माझं एक गिऱ्हाईक आहे, चांगला जाणकार माणूस. त्यानेही त्या जागेवर फोटो पाठवले होते. मावळतीचा तलाव, फुलदाणीतला गुलाब, एकमेकांकडे मान कलवून बसलेलं जोडपं. एकेक फोटो म्हणजे नमुना. सगळे परत! कारण काय, तर म्हणे ‘व्यावसायिक उपयोग दिसत नाही’. गुलाबाचा उपयोग दिसत नाही आणि पोछ्याचा दिसतो! त्या बिचाऱ्या गिऱ्हाइकाला मी काय सांगू, ते जमलं तर कळव.

दादा

ता. क. मी वहिनी. ते गिऱ्हाईक आमच्याच घरात जेवतं. गेल्या रविवारी हे स्वतः तो काळा कोट घालून शिंप्याशी हात मिळवत उभे होते, ‘यशस्वी व्यवहार’ म्हणून. शिंप्याच्या गळ्यातली टेप काढायची राहून गेली. मला कानावर हेडफोन देऊन दोन तास हसत बसवलं, माझी हनुवटी अजून दुखतेय. एकूण साठ फोटो पाठवले. एक घेतला त्यांनी. दिवा तपासताना चुकून बटण दाबलं गेलं होतं, त्यात आलेला मागचा रिकामा राखाडी पडदा. तो तेवढा घेतला. त्या दिवसापासून हे पडद्याशीही बोलत नाहीत.


८ एप्रिल

प्रिय दादा,

तुझ्या गिऱ्हाइकाला सांग की गुलाब आणि तलाव तिथे आधीच लाखांनी पडलेत. लोकांना देखणं नको असतं, रोजचं हवं असतं. आणि हसायला सांगितलं की माणूस खोटा दिसतो, तेव्हा कुणाला हेडफोन लावून बसवू नकोस म्हणावं. रिकामी पार्श्वभूमी मात्र बरी खपते, पडदाबिडदा. त्याच्याकडे असेल तर त्याने तेच करावं. सुरुवातीला सगळ्यांचेच परत येतात, खचून जाऊ नये. मी आहे मदतीला.

मी डॉक्टरांना लिहून दिलं. १ मेपासून अर्धा दिवस, अर्धा पगार. डॉक्टरांनी इतक्या वेगाने सही केली की पेनाचं टोपण काढायचं राहिलं. आता परतीचा दोर कापला.

हात तीनशेच्या पुढे गेलेत. त्या जागेच्या निवडक यादीत माझं नाव आलंय, नावापुढे ‘छायाचित्रकार’ असं लिहिलंय. मी तो शब्द चार वेळा वाचला आणि मग दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “म्हणजे पगार वाढतो का?”

तुझी,
चिंगी


१६ एप्रिल

प्रिय चिंगे,

पत्र पोचलं. नावापुढे शब्द लागला हे वाचून ऊर भरून आला. तुझ्या वहिनीलाही वाचून दाखवलं.

तब्येतीला जप. उन्हात फिरू नकोस. खुर्च्या ओढताना कंबर सांभाळ.

या ऑनलाइन जगाचा तसा काही भरवसा नसतो. आज आहे, उद्या नाही. कागदपत्रं, परवानग्या वगैरे नीट असाव्यात, एवढंच मोठा भाऊ म्हणून सुचवतो. मनात दुसरं काही नाही.

तुझा,
दादा

ता. क. मी वहिनी. ‘प्रिय चिंगे’ वाचलंस ना? लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, मला अजून ‘प्रिय’ लिहिलेलं नाही. ह्यांना बरं वाटत नसावं. की काही केलंय?


२५ एप्रिल

दादा,

माझं खातं बंद झालंय.

कुणीतरी तक्रार केली. तिथेच फोटो विकणाऱ्या दुसऱ्या कुणीतरी, नाव सांगत नाहीत. त्यांचा नियम असा आहे की फोटोतला माणूस ओळखू येत असेल तर त्याची सही असलेला संमतीचा फॉर्म लागतो. मला वाटलं, नुसत्या हातांना कुठला आलाय फॉर्म? हातांना काय नाक-डोळे असतात? पण त्यांचं म्हणणं, अंगठा असा आहे की त्यावरून माणूस ओळखता येतो. १४ मेपर्यंत त्या माणसाची सही पाठवा, नाहीतर खातं कायमचं बंद. एक फोटो नाही, सगळेच. पोछा, खुर्च्या, अडीचशे फोटो. सहा दिवसांनी माझा अर्धा पगार सुरू होतो, दादा.

तक्रार काय आहे ते वाच, मी उतरवून काढली आहे: ‘सदर हात एखाद्या गरीब, अशिक्षित वृद्धाचे असून त्याच्या अज्ञानाचा गैरफायदा घेण्यात आला असावा. छायाचित्रकलेच्या शुचितेसाठी ही तक्रार.’

शुचिता! कोण हा मेला टिकोजीराव? याचे स्वतःचे फोटो कुत्रं हुंगत नसेल, म्हणून दुसऱ्याच्या पोटावर पाय. मी आणि मावशी रोज डबा खाताना याला शिव्या घालतो. मावशींच्या शिव्या माझ्यापेक्षा चांगल्या आहेत.

आणि सगळ्यात राग कशाचा आला सांगू? तुला गरीब, अशिक्षित, वृद्ध म्हणणारा हा कोण?

हो, तुझेच हात आहेत ते. मी तुला गंमत म्हणून सांगितलं नव्हतं. वाटलं होतं, तू बघशील, ओळखशील आणि चिडून पत्र लिहिशील. तुझं मार्चमधलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, ओळखूनच थट्टा करतोयस, साबणबिबण. डिसेंबरमध्ये मी आले होते तेव्हा तू काउंटरवर फोटो कापायच्या कटरचा सैल स्क्रू सुरीच्या टोकाने पिळत होतास. मी समोर उभी होते. तुझं लक्ष नव्हतं.

सोबत फॉर्म आहे. खाली सही कर, साक्षीदार म्हणून वहिनीची घे, आणि लगेच पाठव. तुझ्याच हातात आहे आता.

चिंगी


२ मे

चि. चिंगीस,

फॉर्म मिळाला. सही करता येत नाही. ते हात माझे नाहीत.

मी घाईने बोलत नाही. फोटो भिंगाखाली पाहिला. विकत घेता येत नसला तरी अजून दिसतो. त्याच्याखाली तू शब्द दिले आहेस, लोकांनी काय शोधलं की हा फोटो सापडावा त्याचे. पन्नास शब्द आहेत. सगळे वाचले. ‘म्हातारा’ आहे. ‘मजूर’ आहे. ‘गरिबी’, ‘थकवा’, ‘एकटा’, ‘जुनं’, ‘सांधेदुखी’, ‘संपत आलेला धंदा’. ‘सुरकुत्या’ दोनदा आहे, एकदा एकवचनी आणि एकदा अनेकवचनी.

मी चोपन्न वर्षांचा आहे. हे हात माझे असते, तर माझ्या सख्ख्या बहिणीने त्या पन्नासांत एक तरी शब्द ‘छायाचित्रकार’ असा लिहिला असता. लिहिलेला नाही. त्या अर्थी ते हात दुसऱ्या कुणाचे तरी असणार. खोट्या कागदावर मी सही करत नाही.

दादा

ता. क. मी वहिनी. हात ह्यांचेच आहेत. मी ह्यांचा अंगठा धरून कॉम्प्युटरच्या पडद्याशेजारी ठेवून पाहिला. एका लग्नात फोटो काढताना दिव्याचा स्टँड पडून तो मोडला होता, तोच वाकडेपणा, आणि प्रिंटरमध्ये शाई भरून काळी झालेली तीच नखं. तीन दिवस हे हात लपवत फिरतायत, जेवताना हातमोजे घालायचे तेवढे बाकी आहेत. चिंगीबाई, ते शब्द मीही वाचले. मलाही लागलं. ह्यांनी आणखी काहीतरी केलंय आणि ते बोलत नाहीत. सही मी करून घेते, पण तू ह्यांना लिही. कारणं नकोत, खरं लिही.


६ मे

दादा,

आधी कारण देणार होते. ‘छायाचित्रकार’ म्हणून शोधणाऱ्याला कॅमेरा धरलेला माणूस हवा असतो, स्क्रू पिळणारा नको असतो. हे खरंच आहे. पण वहिनीने खरं लिही म्हटलंय, आणि तेच एकटं खरं नाही.

बाबांनी कॅमेरा आणला तेव्हा तू पंधराचा होतास, मी सातची. कॅमेरा तुझ्या गळ्यात आला. मला काय मिळालं, आठवतं? अल्बममध्ये फोटो बसवायचे कागदी कोपरे. जिभेने ओले करून चिकटवायचे. तू रोल आणायचास आणि मी जीभ वाळेपर्यंत कोपरे चिकटवायचे. घरात कुणी आलं की बाबा सांगायचे, हा आमचा छायाचित्रकार. आणि ही? ही आमची चिंगी.

तुझ्याकडे गिऱ्हाईक कमी व्हायला लागलं तेव्हा मला वाईट वाटलं. पण आत कुठेतरी, दादा, इतकंसं बरंही वाटलं. वहिनी फोनवर रडली त्या दिवशीसुद्धा. सांगून टाकते, पुन्हा हिंमत होणार नाही.

मी शब्द भरत होते तेव्हा तो शब्द माझ्या बोटांशी आला होता. मी टाकला नाही. वाटलं, या एका फोटोत छायाचित्रकार एकच असू दे. मी.

बंद खात्यात शब्द बदलता येत नाहीत. उघडलं तर बदलीन. आठ दिवस राहिलेत. सही करायची नसेल तर नको करूस, पण मग माझ्यामुळे केली नाही असं म्हण. हात माझे नाहीत असं म्हणू नकोस. ते फार चांगले हात आहेत.

चिंगी


१० मे

चिंगे,

या पाकिटात सही केलेला फॉर्म आहे. साक्षीदार म्हणून तुझ्या वहिनीची सही आहे. कुरियरने पाठवतोय म्हणजे वेळेत पोचेल. आधी फॉर्म काढून कपाटात ठेव आणि मग पुढे वाच. नाहीतर पत्र फाडशील त्यात तोही जाईल.

तक्रार मी केली.

१५ एप्रिलला सकाळी एक बाई पासपोर्ट फोटोचं विचारायला आली होती. भाव ऐकला. मग माझ्या पडद्यासमोर उभी राहिली, स्वतःच्या मोबाइलवर स्वतःचा फोटो काढला, ‘पडदा छान आहे हो तुमचा’ म्हणाली आणि गेली. तुझं पत्र समोर पडलं होतं, ‘मी आहे मदतीला’ असं लिहिलेलं. तुझं पान उघडलं. तुझ्या नावापुढे तो शब्द. खाली ते हात, तीनशे चाळीस वेळा विकले गेलेले.

तक्रारीत एक रकाना असतो, ‘फोटोतल्या व्यक्तीचं वर्णन करा’. मी भिंग घेऊन बसलो आणि मन लावून वर्णन केलं. गरीब. अशिक्षित. वृद्ध. एकतीस वर्षं लोकांना सांगत आलो की एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही. हातांची गोष्ट कधी निघाली नव्हती.

का ओळखले नाहीत, याचा विचार केला. माझे हात मी माझ्या बाजूने पाहिलेत. तू काउंटरच्या पलीकडून काढलेस, गिऱ्हाइकाच्या बाजूने. तिथे उभं राहून मी कधीच पाहिलं नाही. तिथून जे दिसलं ते मीच माझ्या अक्षरात लिहून पाठवलं. तू पन्नास शब्द लिहिलेस म्हणून मी रुसलो, पण माझे तीन शब्द तुझ्या पन्नासांपेक्षा वाईट होते.

तू लिहिलंस, एका फोटोत दोन छायाचित्रकार नकोत असं तुला वाटलं. मला तर सबंध खानदानात दोन नको होते. तुझे पैसे सलले नाहीत असंही म्हणत नाही. पोछ्याचेसुद्धा सलले.

तुला काय करायचं ते कर. मावशींना सांग, शिव्या योग्य पत्त्यावर पोचल्या.

हे पत्र टाकायला मी स्वतः जातोय. वहिनीला माहीत नाही.

दादा


२४ मे

दादा,

पत्र वाचल्यावर फोन उचलला होता. नंबरही लावला होता. मग वहिनीचा नियम आठवला आणि ठेवून दिला. त्या दिवशी बोलले असते तर पुढची दहा वर्षं बोलले नसते.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना मावशींनी नेहमीप्रमाणे त्या टिकोजीरावाचा उद्धार सुरू केला. मला मध्येच थांबवता येईना. मग मीही घातल्या दोन. खरं सांगायचं तर त्या दिवशीच्या जास्त मनापासून होत्या.

खातं उघडलं. पण पंचवीस दिवस बंद होतं, आणि तिथे पंचवीस दिवस म्हणजे युग. हात पहिल्या पानावरून खाली गेले ते गेलेच. डॉक्टरांची भाची माझ्या खुर्चीत उशी घालून बसते. ती खुर्ची आता परत मिळायची नाही. म्हणजे पुन्हा पोछ्यापासून सुरुवात. हे तुझ्यामुळे झालं. मी हे विसरणार नाही, आणि तूही विसरू नकोस. वहिनीला सांगणार नाही. ही माफी समजू नकोस, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून जपून ठेवतेय.

तुझा शब्द घातला. पन्नासच बसतात, म्हणून एक काढावा लागला. ‘म्हातारा’ काढायला गेले होते, पण त्याच शब्दावर सगळ्यात जास्त विक्री होते, क्षमा कर. ‘एकटा’ काढला. तो तसाही खोटाच होता. चौकटीच्या बाहेर वहिनी बॅटरी धरून उभी होती.

आता दुसरी गोष्ट. आपल्या हातांच्या जागी पहिल्या पानावर कोण आलंय ते बघ. मांजर! कुणाचंतरी मांजर, खिडकीत पसरलेलं. आठशे वेळा गेलंय. ‘काम’ म्हणून शोधलं की मांजर, का तर म्हणे ‘कामानंतरची विश्रांती’. मी तक्रार करणार नाही. तूही करायची नाहीस. पण तू बघ आणि मला लिही, मला एकटीलाच असं होतंय का.

चिंगी


२ जून

प्रिय चिंगे,

तुला एकटीला नाही.

मांजर पाहिलं. आधी साध्या डोळ्यांनी, मग भिंगाने, मग शिंप्याला बोलावून त्याला दाखवलं. तो म्हणाला, छान आहे. त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही. फोकस शेपटीवर आहे. खिडकीची काच पुसलेली नाही. मांजर झोपलंय, म्हणजे फोटोत घडत काहीच नाही. आपल्या हातांत निदान एक स्क्रू तरी फिरत होता! आठशे, चिंगे, आठशे! रात्रभर डोक्यात मांजर.

तक्रारीचा रकाना उघडला नाही. पाहताना वहिनीला शेजारी बसवून घेतलं होतं, म्हणजे साक्षीदार आहे. आणि वहिनीला मी ते सांगून टाकलं. तू जपून ठेवलेलं आता काही कामाचं नाही. तीन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. परवा तिने मला पत्र लिहिलं, याच घरातून याच घरात, पोस्टाने. चार पानं आहेत. दोन वाचून झाली.

शनिवारी ये, आणि राहायच्या बेताने ये. दर शनिवारी आलीस तरी चालेल. स्टुडिओ रिकामाच असतो, आणि दहाच्या सुमाराला पडद्यावर उजेड बरा पडतो. शिंप्याचे हात माझ्यापेक्षा म्हातारे आहेत आणि सुई ओवताना त्याची जीभ बाहेर येते, मी पाहून ठेवलंय. शिंप्याची सही आधीच घेतली आहे. शेजारच्या चांभाराचीही. समोरच्या न्हाव्याची घेतली, तो विचारत होता कशाला, त्याला म्हटलं, कर रे गुपचूप. गल्लीतल्या एकोणीस जणांच्या सह्या झाल्यात. कुणीही तक्रार करून दाखवावी.

फोटो तू काढ. दिवा मी धरीन. पण दिवा कुठे धरायचा ते मला सांगायचं नाही.

दादा